शेषेरावांच्या नावाचं रक्त

डॉ. ऋतुजा : …म्हणूनच मला हे पटत नाहीये, काका. वजन अडीच किलोनं वाढलंय. पोट तपासलं, हाताला कुठं काही लागत नाही. भूक कशी आहे?

रामलिंग : भूक? काल पिठल्यासंगं चार भाकरी हाणल्या यानं. माझ्या भावाला बिमार म्हणायची लाज वाटावी, असं जेवून राहिला.

शेषेराव : रामा, बाईंना बोलू दे.

डॉ. ऋतुजा : दोन वर्षांपूर्वी इथंच, लातूरला, मी तुमच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली. तेव्हा रक्तातला सीईए, या रोगाची चाहूल देणारा आकडा, अडतीस होता; तो पाचाच्या आत लागतो. ऑपरेशननंतर अडीचवर आला. मग दर तीन महिन्यांनी दोन सहा, दोन आठ, परत अडीच. जागचा हलला नाही. आणि आता एकदम अकरा पूर्णांक चार! हा रोग परत डोकं वर काढतो तेव्हा कधीकधी सगळ्यात आधी हा आकडा चढतो. म्हणून रिपोर्ट बघितल्या बघितल्या मी फोन केला. त्याला आज बारा दिवस झाले.

शेषेराव : घरी साखरपुडा होता. रामाच्या पोरीचा, शिवांगीचा.

डॉ. ऋतुजा : साखरपुड्याला दोन तास लागतात.

रामलिंग : आमच्या अर्धापुरात तीन दिवस लागतेत, बाई. पाव्हणे जातच न्हाईत.

डॉ. ऋतुजा : रामलिंगभाऊ, ही चिठ्ठी घ्या. खाली जाऊन पोटाच्या सीटी स्कॅनचा नंबर लावा. काकांचं नाव, वय, सगळं नीट सांगा.

रामलिंग : हाव. बाई, एक विचारू? स्कॅनमदी काही निघालंच तर इलाज हाय ना?

डॉ. ऋतुजा : निघू तर द्या आधी. जा तुम्ही.

शेषेराव : दार लावून घे, रामा.

डॉ. ऋतुजा : दार कशाला लावायचं?

शेषेराव : गेला का? जिन्याकडं गेला का बगा जरा… बाई, माझं स्कॅन करू नका.

डॉ. ऋतुजा : घाबरलात?

शेषेराव : भ्यालो तर हायेच. पण ते रक्त माझं न्हाई.

डॉ. ऋतुजा : रिपोर्टवर तुमचं नाव आहे, काका.

शेषेराव : नाव माझं हाय. रक्त रामाचं हाय.

डॉ. ऋतुजा : काय?

शेषेराव : सांगतो. ओरडायचं ते मग ओरडा. त्या दिवशी केळीची गाडी रवाना करून आमी दोघं नांदेडला लॅबवर गेलो. पायरीवर पाय ठिवला आन् तिथूनच मागं फिरलो मी. दर बारीला आठ दिवस आधीपासून हेच. घास उतरत न्हाई, डोळा लागत न्हाई. आकडा काय यील, आकडा काय यील. माझ्या शेजारच्या खाटेवर उदगीरचे माणिकप्पा होते, ध्यानात हायेत?

डॉ. ऋतुजा : आहेत. किराणा दुकान होतं त्यांचं.

शेषेराव : त्यांचं आन् माझं ऑपरेशन एकाच आठवड्यात. मग दर तीन महिन्यांनी आमी फोनवर एकमेकाला आकडा सांगायचो, केळीचा भाव सांगावा तसा. त्यांचा चार झाला. मग नऊ. मग तीस. त्याच्या पुढच्या बारीला फोन त्यांच्या लेकानं उचलला. तवापासून मला ती सुई बगवत न्हाई.

डॉ. ऋतुजा : मला का नाही सांगितलंत हे?

शेषेराव : काय सांगावं? साठीला टेकलेला बाप्या सुईला भेतो म्हणून? रामानं माझं तोंड बगितलं. म्हणला, दादा, तू बस इथं पायरीवर. माझं देतो. काय फरक पडतो?

डॉ. ऋतुजा : काय फरक पडतो!

शेषेराव : आमचा दोघांचा गट एकच हाय, बी पॉझिटिव्ह. ऑपरेशनच्या टायमाला एक बाटली त्याच्याच रक्ताची चढवली तुमी मला. मला वाटलं, माझ्या आत फिरून राहिलंय ते बी त्याचंच. मग त्याच्या हातातून काढलं काय आन् माझ्या हातातून काढलं काय!

डॉ. ऋतुजा : अहो काका…

शेषेराव : हासू नका, बाई.

डॉ. ऋतुजा : हसतेय, पण रागानं हसतेय. गट जुळला म्हणजे एकाचं दुसऱ्याला चढवता येतं, एवढंच. चढवलेलं रक्त तीन-चार महिन्यांत संपून जातं. सीईए ज्याच्या अंगातून निघाला त्याचीच खबर देतो. सख्खा भाऊ असला तरी दुसऱ्याची देत नाही.

शेषेराव : ते मला कळलं. आकडा आला त्याच घडीला कळलं. म्हणलं, ही भानगड माझ्यात न्हाई, रामात हाय.

डॉ. ऋतुजा : आणि बारा दिवस गप्प बसलात?

शेषेराव : तुमचा फोन माझ्या बायकोनं, लक्ष्मीनं घेतला होता. घरभर झालं. लक्ष्मी देवापुढून उठंना. हिमायतनगरची बहीण आली आन् गळ्यात पडून रडली. मी रडू दिलं. ‘माझं न्हाई ते’ म्हणलो असतो तर सगळे दुसऱ्या घडीला रामाकडं वळले असते. पोरीचा साखरपुडा तोंडावर. बापाकडं बगून तिनं हासावं का रडावं? म्हणलं, हे चार दिवस माझ्या नावावर खपू द्या. मला सवय हाय.

डॉ. ऋतुजा : स्वतःवरचं रडणं स्वतःच्या कानानं ऐकत बसलात. धन्य आहे तुमची! तुम्हाला ओरडावं की तुमच्या पाया पडावं, मला कळत नाहीये. पण आधी ओरडणार आहे. पुन्हा असलं काही केलंत तर मी तुमचं तोंड बघणार नाही.

शेषेराव : ओरडा, ओरडा. पण त्यानं माझ्यासाठी काय केलं ते तुमाला ठाव न्हाई. तुमचे ते सलाईनचे डोस चालू होते तवा थंड पाण्याला बोट लागलं तरी हातात काटे टोचायचे. प्यालो तर नरडं आवळायचं. मे महिना. आमच्याकडं मे म्हणजे काय असतो ते तुमाला सांगावं लागत न्हाई. हा गडी केळीच्या बागेत तीन दगडाची चूल मांडून माझं पाणी कोमट करायचा. आन् स्वतः बी तेच प्यायचा! घागरीत गार पाणी असताना. म्हणलं, तू कामून पितूस रं? तर म्हणतो, दादा, तुझ्यासमोर गार पाणी घशाखाली उतरत न्हाई. असा भाऊ हाय माझा. अख्ख्या तालुक्यात दुसरा दाखवा मला.

डॉ. ऋतुजा : ऐका आता. एकट्या या आकड्यावरून कोणाला कॅन्सर आहे असं ठरत नाही. लिव्हरचं दुखणं, आतड्याची सूज, कशानंही तो चढतो. ते बिडी ओढतात ना?

शेषेराव : दिवसाला एक बंडल.

डॉ. ऋतुजा : बिडीनंही चढतो. पण पाच-सहापर्यंत. अकरा चार सगळाच्या सगळा बिडीच्या माथी मारायला माझं मन होत नाही. आणि मी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, सख्ख्या भावानं दुर्बिणीनं आतडं तपासून घ्यायचं म्हणून.

शेषेराव : घेतलं की त्यानं. नांदेडला. सगळं साफ हाय म्हणला.

डॉ. ऋतुजा : कागद बघितलात?

शेषेराव : भावाला कागद मागायचा?

रामलिंग : येऊ का आत? नंबर लावला न्हाई, बाई. खालची पोरगी नाव विचारून राहिली. कोणाचं सांगू, ते विचाराया आलो.

शेषेराव : माझं सांग, लेका. दुसऱ्या कोणाचं?

रामलिंग : दादा, बस झालं आता. माझं सांगू का?

डॉ. ऋतुजा : तुम्हाला माहीत होतं?

रामलिंग : लॅबमदी मोबाईल नंबर माझाच दिला होता. मेसेज आधी माझ्याकडं आला. याचे दोन वर्षांचे आकडे मला तोंडपाठ हायेत, बाई. अकराचा मतलब मला कळंना व्हय?

शेषेराव : आन् बोलला न्हाईस?

रामलिंग : तू बोललास? मी म्हणलं, दादाच्या ध्यानात आलं न्हाई. आलं तर जन्मभर बोल लावून घील स्वतःला, माझ्या भ्यायनं झालं म्हणून. साखरपुडा होऊ दे, मग बगू. तिकडं तू वहिनीचं रडणं ऐकत बसला होतास, मला वाटलं तुला खरंच तुझा रोग वाटून राहिला. रोज रात्री सांगायचं ठरवायचो आन् रोज सकाळी गाडी घेऊन निघून जायचो.

शेषेराव : अरे गाढवा…

रामलिंग : हाव. दोघं बी.

डॉ. ऋतुजा : रामलिंगभाऊ, इकडं बसा. संडासवाटे रक्त जातं का? खरं सांगा. भावाकडं बघू नका, माझ्याकडं बघा.

रामलिंग : …जातं. चार महिने झाले. मूळव्याध म्हणून पुडी घेत होतो.

डॉ. ऋतुजा : आणि दोन वर्षांपूर्वीची नांदेडची दुर्बीण?

रामलिंग : ती बी खोटी. गेलो होतो, कसम. दवाखान्याच्या समोर दोन कप चहा पिलो आन् घरी आलो.

डॉ. ऋतुजा : शाबास! एक भाऊ लॅबच्या पायरीवर बसतो, दुसरा दवाखान्यासमोर चहा पितो. शेतात साप निघाला तर काय करता हो तुम्ही?

शेषेराव : साप दिसतो, बाई.

डॉ. ऋतुजा : बरोबर आहे. चुकलं माझं. बरं, आज भरती व्हायचं. परवा दुर्बीण, त्याच दिवशी स्कॅन. ज्याच्या अंगात सुई जाईल त्याचंच नाव कागदावर, अंबिका सिस्टर स्वतः उभी राहील. आणि काका, तुमचं तीन महिन्यांचं रक्त राहिलंय. आत्ताच देऊन टाका.

शेषेराव : दोन दिवस थांबा, माय. याचं कळू द्या. एका दमात दोघांचं ऐकायचा जीव न्हाई मला.

डॉ. ऋतुजा : शुक्रवारी मात्र मी ऐकणार नाही.

(शुक्रवार, दुपार. तीच खोली, तीच तिघं.)

रामलिंग : ते पोट साफ करायचं औषध म्हणजे सजा हाय, बाई. सकाळपासून पाणी, पाणी, पाणी. दादा संडासच्या दाराशी खुर्ची टाकून बसला होता, राखणीला बसल्यासारखा.

शेषेराव : चक्कर येऊन पडला असता म्हणजे?

डॉ. ऋतुजा : रामलिंगभाऊ, मी जे सांगणार आहे ते तुम्हाला सांगू, की काकांना एकट्याला सांगू?

रामलिंग : मला. आमच्या दोघांमदी लपवालपवी लई झाली.

डॉ. ऋतुजा : डाव्या बाजूला, आतड्याच्या वळणावर गाठ आहे. सुपारीपेक्षा थोडी मोठी. तुकडा तपासायला पाठवलाय, त्याचा कागद पाच-सहा दिवसांनी येईल. पण मला दुर्बिणीतून जे दिसलं ते मी लपवणार नाही. ती कॅन्सरचीच वाटते.

शेषेराव : अरे देवा… रामा…

रामलिंग : दादा, बस खाली. बाई, पुढं बोला.

डॉ. ऋतुजा : स्कॅनमध्ये लिव्हर स्वच्छ आहे. फुप्फुसं स्वच्छ आहेत. वाट अजून मोकळी आहे, आतडं अडलेलं नाही. म्हणजे ऑपरेशन करून सगळी गाठ काढता येईल असं मला आज दिसतंय. रोग शेजारच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचलाय का ते काढल्यावरच कळेल. पोचला असेल तर तुम्हालाही ते काट्यांचं औषध.

रामलिंग : म्हणजे कोमट पाणी.

डॉ. ऋतुजा : हो.

रामलिंग : चूल तयार हाय. आन् आकड्याचं काय? आधीच अकरा हाय म्हणल्यावर माझं माणिकप्पासारखं तर न्हाई ना? खरं सांगा.

डॉ. ऋतुजा : खरंच सांगते. ऑपरेशनच्या आधी आकडा पाचाच्या वर असला तर आम्ही जरा जास्त सावध राहतो. अशा माणसांमध्ये रोग परत येण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसतं. पण तो पत्रिका सांगत नाही. गाठ काढल्यावर तो पाचाच्या आत उतरला आणि तिथंच टिकला, तर आधी किती होता त्याला फारसा अर्थ राहत नाही. तुमच्या भावाचा अडतीस होता. बसलाय की समोर, चार भाकरी खाऊन.

रामलिंग : आन् न उतरला तर?

डॉ. ऋतुजा : तर मला कळेल की कुठंतरी काही राहिलंय. मी शोधीन. माणिकप्पांचा रोग निघाला तेव्हाच लिव्हरवर होता, भाऊ. त्यांच्या आकड्यानं त्यांना मारलं नाही. तो बिचारा दर वेळी खरं सांगत होता.

शेषेराव : केळीच्या बुडाला मुनवा, नवा कोंब, फुटायच्या आधी माती उलते. वर काहीच नसतं, नुसती बारीक चीर. नवा गडी तिच्यावर पाय देऊन जातो. जुना थांबतो आन् खुरपं घालतो.

डॉ. ऋतुजा : अगदी तेच. आणि तुम्ही त्या चिरेवर माती लोटून बसला होतात.

शेषेराव : हाव. माझ्यानं झालं सगळं. मी त्या दिवशी भ्यालो नसतो तर…

रामलिंग : तर माझं कळलं असतं का कोणाला? सांग ना. मी पुड्या खात बसलो असतो. बाई, सहा महिन्यांनी आलो असतो तर काय झालं असतं?

डॉ. ऋतुजा : आतडं अडलं असतं, आणि तुम्ही रात्रीतून पोट फुगवून आला असता. लिव्हर स्वच्छ राहिलं असतं का, सांगता येत नाही. आज राहिलंय.

रामलिंग : ऐकलंस? जिंदगीत पहिल्यांदा भ्यालास आन् भाऊ वाचवलास. तुझं भ्यायचं बी किती उपयोगाचं हाय बग. मी लहान होतो तवापासून बगून राहिलो, याच्या हातानं काही वाया जातच न्हाई, बाई. बाप गेला तवा हा एकोणीसचा. शिकणं सोडलं, मला शिकवलं. मी दहावीला दोनदा आपटलो तरी एक शब्द बोलला न्हाई. म्हणला, केळीला गणित लागत न्हाई.

शेषेराव : लागतं. तवा मी खोटं बोललो होतो.

डॉ. ऋतुजा : हे मात्र बाहेर कोणाला सांगू नका हं. नाहीतर उद्या अख्खं अर्धापूर एकमेकांच्या नावावर रक्त देत सुटेल. दैव बलवत्तर होतं म्हणून हे सापडलं. निरोगी माणसानं नुसता सीईए करून ‘मला काही नाही’ म्हणत फिरायचं नसतं. ज्याला दुर्बीण सांगितली त्यानं दुर्बीणच करायची. शिवांगीला आणि काकांच्या मुलांनाही वेळेवर करायला लागेल, ते मी लिहून देते.

शेषेराव : ऑपरेशन कधी?

डॉ. ऋतुजा : तुकड्याचा कागद आला की लगेच. पुढच्या आठवड्याच्या शेवटी. लक्ष्मीकाकूंना आता खरं सांगा.

रामलिंग : वहिनीला मी सांगतो. ती आधी दादाला झोडपील, मग मला जवळ घील. तेवढं बगायला मी बरा व्हईन.

डॉ. ऋतुजा : आज शुक्रवार आहे, काका.

शेषेराव : हाय की.

डॉ. ऋतुजा : बाही वर करा.

शेषेराव : बाई, मी काय म्हणतो, याचं ऑपरेशन होऊ द्या. याच्याजवळ बसाया माणूस पाहिजे. माझं बी काही निघालं तर कोण बसंल? महिन्यानं देतो. शब्द देतो.

डॉ. ऋतुजा : तुमच्या अंगाचा खरा आकडा मी साडेतीन महिने बघितलेला नाही. मलाही तुमच्याइतकीच धास्ती आहे.

शेषेराव : तुमाला कसली धास्ती?

डॉ. ऋतुजा : माणिकप्पांचा शेवटचा आकडा सांगायला त्यांच्या लेकाला फोन मीच केला होता. तुम्हाला काय वाटतं, मला झोप लागते? दर वेळी तुमचा रिपोर्ट आला की मी आधी चहा मागवते आणि मग उघडते.

शेषेराव : …हे तुमी कधी बोलला न्हाईत.

डॉ. ऋतुजा : तुम्ही तरी कुठं बोललात?

रामलिंग : दादा, मी बोलू? मला इथून पुढं पाच वर्षं ही सुई टोचून घ्यायचीय. दर तीन महिन्यांनी. मला बी तेच व्हणार, घास उतरणार न्हाई, झोप लागणार न्हाई. मी कोणाकडं बगून शिकू? केळी लावाया तुझ्याकडं बगून शिकलो, पोरी सांभाळाया तुझ्याकडं बगून शिकलो. हे कोणाकडं बगून शिकू, सांग. मी बाहेर थांबतो पाहिजे तर.

शेषेराव : कुठं जातूस? बस इथंच. अशी बाही चालंल का, बाई, का सदरा काढू?

डॉ. ऋतुजा : चालेल. मी स्वतः घेते, सिस्टरला नको बोलवायला. मूठ आवळा. काका, भीती वाटतेय?

शेषेराव : लई वाटून राहिली, माय. घ्या तुमी.